शिकण्याचे शेत आणि त्याची वही
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आपल्या जिल्ह्यात शेतकऱ्यांचे स्वतःचे शिकण्याचे शेत काढायचे, तर असे काम जिथे टिकले ते आधी पाहावे, म्हणून आम्ही पनवेल तालुक्यातल्या तारा गावी जाऊन आलो. गाव मुंबई-गोवा रस्त्यावर, कर्नाळ्याजवळ. तिथे युसुफ मेहेरअली सेंटरचे काम आहे. मेहेरअली म्हणजे १९४२ साली मुंबईचे महापौर असलेले समाजवादी पुढारी. त्यांच्या नावाची ही संस्था १९६१ साली निघाली. ती वाढवणारे डॉ. जी. जी. पारीख २ ऑक्टोबर २०२५ रोजी, वयाची शंभर वर्षे पुरी करून गेले.

तुम्ही म्हणाल, तिकडे तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस आणि भात. इकडे सातशे-आठशे पाऊस, कपाशी आणि ज्वारी. तिथले काय शिकणार? पिकाचे काही नाही. भाताची लावणी पाहायला एवढ्या लांब कोण जाईल! पाहण्यासारखे आहे ते शेताला लागून असलेले काम. तेलघाणी, साबण, मातीकाम, सुतारकाम, कंपोस्ट. गावचा माल कच्चाच बाहेर जाऊ नये, ही त्यामागची धारणा.

आता हे कपाशीला लावून पाहा. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते आणि ६४ किलोच्या आसपास सरकी. सरकीचे तेल निघते, उरते ती ढेप. तीच ढेप आपण आपल्या बैलांसाठी रोख पैसे मोजून घरी आणतो. रुईचा उतारा वाणावाणाला वेगळा, कुठे ३३, कुठे ३६. बाजारात मात्र बहुतेक वेळा सगळ्यांना एकच भाव. तीन किलो रुई जास्त देणाऱ्या कापसाचे ते तीन किलो कोणाच्या घरात जातात? आपल्या शेतावर पहिला धडा हाच असावा. लहान जिन लावायची, प्रत्येकाने आपापल्या कापसातले दहा किलो आणायचे, रुई आणि सरकी डोळ्यांसमोर तोलायची. ज्याने एकदा उतारा मोजला, तो व्यापाऱ्यापुढे वेगळा बसतो.

दुसरी गोष्ट वहीची. आम्ही कृषी पदवीधर. त्या चार वर्षांत एकरी उत्पन्न कसे काढायचे ते शिकवले. गड्याचा रोज, बैलजोडीचा दिवस, घरच्या बाईची निंदणी आणि वेचणी धरून जमाखर्च कसा मांडायचा, हे कोणी शिकवले नाही. प्रात्यक्षिकाच्या शेतात पाटी लागते, पाटीवर क्विंटल असतात, खर्च नसतो. देणगीच्या पैशावर हिरवे राहिलेले शेत पाहून कर्जातला शेतकरी काय शिकेल? म्हणून आपल्या शेताला शेजाऱ्याकडे नसलेले पाणी नको, फुकटचे खत नको. माती मध्यम घ्यावी. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने शिफारस केलेली सहा ओळी कपाशी, एक ज्वारी, दोन तूर, एक ज्वारी ही पद्धत एका तुकड्यात, नुसती कपाशी दुसऱ्यात. कडब्याची किंमत धरून दोन्हींचा हिशेब मांडावा. कडबा सोडून ज्वारीचा हिशेब करणारे लोक ज्वारी तोट्यात दाखवणारच.

कोरडवाहूत असे काम होते की नाही, ही शंका ज्यांना आहे त्यांनी पुरंदरचे नायगाव आठवावे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे देवस्थानची ४० एकर जमीन कराराने घेतली, उतारावर बांध घातले, पाणी अडवले. त्यातूनच पाणी पंचायत निघाली. पाणी माणशी अर्धा एकर, भूमिहीनालाही वाटा, ऊस बंद. नियम आधी, पाईप नंतर.

जमिनीच्या बाबतीत मात्र पनवेलचाच अनुभव डोळ्यांपुढे ठेवावा. १९७० साली सिडको आली, शेते संपादनात गेली. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली तिथला शेतकरी उठला, गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, त्यानंतर साडेबारा टक्के भूखंडाचे तत्त्व मान्य झाले. जमिनीचा कागद कच्चा असेल तर शेतावर पेरलेले सगळे दुसऱ्याच्या शब्दावर उभे असते. तोंडी कबुलीची जमीन आम्ही घेणार नाही, देणारा कितीही जवळचा असो.

ज्या गावांना पाच-सहा एकर देता येतील, त्यांनी पुढच्या बैठकीला सातबारा, विहीर असल्यास उन्हाळ्यातली पाण्याची पातळी आणि त्या रानातल्या मागच्या तीन वर्षांच्या पिकांचा खर्च लिहून आणावा. खर्च लिहिलेला नसेल तर घरातल्या बाईला विचारून लिहावा. तिला आठवत असतो.