भेसळीच्या आरोपाला उत्तर



करवीर नगरीतील या संमेलनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी कृतज्ञ आहे. परंतु या मानाच्या मोबदल्यात आपल्याला रुचेल तेवढेच मी बोलावे, अशी अपेक्षा कोणी बाळगली असेल, तर ती मला पुरी करता येणार नाही. आपल्या भाषाभिमानाला शुद्धाशुद्धाच्या सोवळ्याची जी बाधा झाली आहे, तिच्याविरुद्ध मला आज फिर्याद मांडावयाची आहे, आणि माझा साक्षीदार रायगड जिल्ह्यातील एक लहानसे गाव आहे.

रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई वसले आहे. १७३९ मध्ये वसई पडली, पुढील वर्षी चौलचा मुलूख मराठ्यांच्या अमलाखाली आला, पोर्तुगीज फिरंग्यांचे निशाण उतरले. परंतु कोर्लईच्या किल्ल्याच्या पायथ्याशी राहिलेल्या ख्रिस्ती कष्टकऱ्यांच्या मुखात पोर्तुगीज शब्दांतून घडलेली एक बोली उरली, आणि लिपी, राजाश्रय, शाळा यांपैकी कशाचाही आधार नसता ती पावणेतीनशेहून अधिक वर्षे घरोघर टिकली. ते तिला ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात.

या बोलीचा उल्लेख मी एका सभेत केला, तेव्हा एका विद्वान गृहस्थांनी तिला ‘मोडकी पोर्तुगीज’ ठरवून, गुलामगिरीची ही खूण लवकर पुसली जावी, असा निकाल दिला. तो मला सर्वथा अमान्य आहे. तिचे शब्द फिरंग्यांचे असले, तरी क्रियापद शेवटी ठेवणारी तिची वाक्यरचना मराठीच्या वळणाची आहे. धन्याचा शब्द चाकराने उचलला, पण तो आपल्या मातीच्या क्रमाने बसविला. ज्यांना यात केवळ दास्य दिसते, त्यांना दास्यातही आपले वळण न सोडणाऱ्या माणसांचे कर्तृत्व दिसत नाही. किल्ल्याच्या बुरुजांच्या डागडुजीसाठी आपण सरकारदरबारी अर्ज करतो. मग त्याच इतिहासाची जिवंत जबानी पुसून टाकावी, हा कोठला न्याय?

शुद्धतेचा दावा करणाऱ्यांनी आधी स्वतःचे दप्तर तपासावे. पगार, चावी, घमेले, बटाटा हे शब्द त्याच फिरंग्यांकडून आपल्या घरी आले आहेत. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त टोपीकरांपासून, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांपासून, सावध राहण्याचा इशारा ज्या मराठीत दिला आहे, तिच्यात फारसी शब्द सुखाने नांदतात, कारण अमात्यांचे वैर परसत्तेशी होते, शब्दांशी नव्हते. याच नगरीतील राजाराम कॉलेजात अध्यापन केलेल्या माधव जूलियनांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश सिद्ध केला आणि पुढे भाषाशुद्धीचा कैवार घेतला. त्यांच्या विद्वत्तेला वंदन करून मी म्हणतो की, त्यांचा कोशच त्यांच्या त्या मताविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

अशा मिश्र बोलीला मान देणारा देशही आहे. मॉरिशस बेटावर गुलामांच्या मुखात घडलेली क्रिओल ही बोली आपल्या कोकणातून गेलेल्या मजुरांचे वंशजही बोलतात. त्या देशाने २०१२ मध्ये तिला प्राथमिक शाळेत आणले, आणि तेथे मराठीही शिकविली जाते. दोन भाषांना एका शाळेत जागा पुरते. अमेरिकेतील क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी कोर्लईच्या बोलीच्या घडणीवर १९९६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्याला मात्र कोल्हापुराहून रेवदंडा दूर वाटतो.

म्हणून मी ठराव मागत नाही, काम मागतो: तेथील वृद्धांचे शब्द, गाणी आणि गोष्टी त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित व्हाव्यात, आणि त्या बोलीचा देवनागरी कोश त्यांच्याच सल्ल्याने सिद्ध व्हावा. सीमेपलीकडील मराठी माणसाच्या भाषेसाठी ही नगरी आजवर झगडत आली. बहुसंख्यांच्या भाषेखाली थोड्यांची भाषा चिरडली जाऊ नये, हाच आपला दावा आहे. कोर्लईचा माणूस तोच दावा आपल्यापुढे मांडतो आहे, आणि या खेपेस बहुसंख्य आपण आहोत.