टोळीचा मेळ

चार माणसें एकत्र काम करूं लागलीं म्हणजे त्यांचा मेळ कसा बसावा, हा प्रश्न कचेऱ्यांतून आणि कारखान्यांतून नित्य चर्चिला जातो. त्यावर व्याख्यानें होतात, वर्ग भरतात, आणि एका मेजाभोंवतीं बसून एकदिलानें वागण्याचा निश्चयहि होतो. दुसऱ्या दिवशीं ज्याचें त्याचें मेज पुन्हा निराळें होतें, तें सोडा. या प्रश्नाच्या उत्तरासाठीं श्रोत्यांनीं आज जरा दूर, बीड जिल्ह्यांतील माजलगांवच्या शिवारांत यावें. तेथें ज्या माणसांचा मेळ पाहावयाचा आहे, त्यांना मेज नाहीं, खुर्ची नाहीं, आणि कामावर घटकाघटकेला नजर ठेवणारा साहेबहि नाहीं.

माजलगांव सिंदफणेच्या कांठीं आहे. १९८७ सालीं तेथील धरण पुरें झालें, जायकवाडीचें पाणीहि उजव्या कालव्यानें त्यांत येऊं लागलें, आणि ज्वारी-कापसाच्या या मुलुखांत उंसाचे फड उभे राहिले. जवळच तेलगांवला सहकारी साखर कारखाना आहे. परंतु याच जिल्ह्याच्या कोरड्या डोंगरपट्ट्यांतून, पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर या तालुक्यांतून, दसरा-दिवाळी झाली कीं लाखों माणसें बिऱ्हाड बांधून ऊंस तोडावयास बाहेर पडतात. कांहीं जवळच्या फडांत उतरतात. पुष्कळशीं कोल्हापूर, सांगली आणि थेट कर्नाटकापर्यंत जातात.

आठ-दहा कोयते मिळून एक टोळी होते. येथें कोयता म्हणजे नुसतें हत्यार नव्हे. नवराबायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात, आणि एकटा गडी किंवा एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. टोळींत बहुधा भावकी असते, मेहुणे-साडू असतात, एकाच वाडीचे शेजारी असतात.

काम वरवर सोपें दिसतें. उंसाची गोडी बुडख्याशीं अधिक आणि शेंड्याकडे कमी. म्हणून तो अगदीं जमिनीलगत तोडावा लागतो आणि शेंड्याचें वाढें छाटावें लागतें. वीतभर खुंट मागें राहिला तर साखरेचा उत्तम भाग मातींतच राहतो. शिवाय तोडलेला ऊंस चोवीस तासांच्या आंत कारखान्याच्या गव्हाणींत पडला पाहिजे. उशीर होईल तसें वजनहि घटतें आणि साखरहि. सारी घाई या एका गोष्टीपायीं आहे. गडी वाकून तोडतो, बाई पाचट सोलते, कांडीं सारखीं रचते आणि वाढ्याच्या पिळानें मोळी बांधते. मालमोटार आली कीं, मग ती दुपारीं येवो अथवा मध्यरात्रीं, फळीवरून चढून मोळ्या डोक्यानें वर नेणें हेंहि तिच्याच वांट्याचें. दिवसाकांठीं एका कोयत्याची दीड-दोन टन तोड होते. त्यापूर्वीं पहाटे कोपींतली चूल पेटवून भाकरी थापून झालेल्या असतात, ती निराळी.

या टोळीचा मेळ कशावर उभा आहे? रिंगेलमान नांवाच्या फ्रेंच कृषि-अभियंत्यानें १९१३ सालीं दोरी ओढण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. एकेकट्या माणसाची ओढ मोजून त्यानें आठ जणांना एका दोरीला लावलें, तेव्हां त्यांची ओढ आठांच्या बेरजेच्या निम्मीच भरली. सर्वांचा हात एका दोरीला असला कीं कोणाचा किती हें दिसत नाहीं, आणि न दिसणारा हात सैल पडतो. फडांत तसें होत नाहीं. प्रत्येक कोयता आपली पात धरतो, आणि कोण किती पुढें गेलें हें साऱ्या फडाला दिसत असतें. पण केवळ पात निराळी असून भागत नाहीं, कारण गाडी भरल्याखेरीज हालत नाहीं आणि वजन बहुधा साऱ्या कोयत्यांत सारखें वांटलें जातें. म्हणून चांगल्या टोळींत ज्यांची पात आधीं संपते तीं माणसें मागें पडलेल्या पातींत समोरच्या टोंकानें शिरतात. कोणी कोणाला बोलावीत नाहीं. काम आपापलें आणि वजन सर्वांचें, असा हा हिशेब आहे; कचेऱ्यांतून बहुधा याच्या उलट असतो.

शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यांत १९३१-३२ सालीं चौदा कामगारांच्या एका खोलीचें निरीक्षण झालें. त्या चौदांनीं आपसांत एक अलिखित दर ठरविला होता: फार झपाट्यानें काम करणें वाईट, आणि फार रेंगाळणेंहि वाईट. मालकाच्या बक्षिसापेक्षां सोबत्याची नापसंती त्यांना अधिक जड वाटे. मराठवाड्याच्या शेतकऱ्याला ही गोष्ट सांगावयास शिकागो कशाला हवें? सावड तो पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. आज याच्या शेतावर त्याचे बैल, उद्यां त्याच्या शेतावर याचे. इर्जिकींत तर साऱ्या गांवचे नांगर एका दिवसासाठीं एका शेतांत उतरतात आणि मालक जेवण घालतो. त्यांत चिठ्ठी नसते, परंतु कोणाचें देणें कोणाकडे राहिलें हें कोणी विसरत नाहीं. टोळी फडांत घेऊन येते ती हीच सावड.

येथवर चित्र मनोहर आहे, आणि शहरांतून आलेला पाहुणा बहुधा येथेंच थांबतो. परंतु टोळी हंगामापूर्वीं मुकादमाकडून उचल घेऊन आलेली असते. कारखाना मुकादमाला पैसे देतो, मुकादम कोयत्याला देतो. एका जोडीची उचल लाखाच्या घरांत जाते आणि ती टनांनीं फेडावयाची असते. एक दिवस काम बुडालें तर त्याला खाडा म्हणतात, आणि खाड्याला पांचशें ते हजार रुपयांपर्यंत दंड बसतो. तापानें फणफणलेल्या माणसाला हा दंड, बाळंतिणीलाहि हाच. सावडींत आजारी माणसाचें काम शेजारी करतो आणि तें पुढें फिटतें. खाड्यांत आजारी माणसाच्या नांवावर रक्कम चढते. एकाच टोळींत हे दोन्ही हिशेब चालतात, आणि दुसरा बळावला कीं पहिला सुटूं लागतो. कारण ज्याच्यावर स्वतःची उचल आहे त्याला दुसऱ्याची पात ओढावयास हात कोठून उरणार?

ह्याची किंमत कोणीं मोजली, हें २०१९ सालीं उघड झालें. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीनें बीड जिल्ह्यांतील ८२,३०९ ऊंसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांतील १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. कारणें अनेक होतीं. फडांत ना आडोसा, ना पाणी, ना दवाखाना. खाजगी डॉक्टरांचा सल्ला. आणि दर महिन्याला दुखण्यापायीं दोन-तीन खाडे पडूं नयेत ही काळजी. गर्भाशय काढून टाकणें हा मेळ राखण्याचा उपाय ठरावा, इतकी ज्या कामाची ओढ आहे, त्या कामाच्या एकजुटीची स्तुति सांभाळूनच केलेली बरी.

२०२४ च्या जानेवारींत तोडणीच्या दरांत शेंकडा ३४ वाढ मान्य झाली. ती आवश्यकच होती. परंतु दर टनाला वाढला. मुकादमाच्या वहींत कोयता बहुधा अजून एकाच नांवावर, नवऱ्याच्या, मांडला जातो. मोळी जिनें बांधली, जिनें फळीवरून चढविली, तिचा अर्धा कोयता त्या नांवांत मिटून जातो. एप्रिलच्या सुमारास कारखान्याचा पट्टा पडतो, कोप्या मोडल्या जातात आणि हिशेब वाचला जातो. टनेज अमुक, खाडे तमुक. कांहींच्या हातीं चार पैसे उरतात. ज्यांची उचल फिटली नाहीं त्यांची बाकी पुढील हंगामाच्या उचलींत मिळविली जाते, आणि त्या कोयत्यानें दसऱ्यानंतर पुन्हा त्याच मुकादमाबरोबर निघावयाचें, हें तेथेंच ठरून जातें.