व्याज कशावर, ते आधी विचारा

आमच्या गटातल्या एकीनं बैठकीत विचारलं, "तीन शेळ्या घ्यायच्यात. फायनान्सवाला 30 हजार देतोय, शेकडा एक रुपयानं. महिन्याला 2,800 हप्ता, बारा हप्ते. घेऊ का?"

शेकडा एक म्हणजे वर्षाला बारा टक्के. ऐकायला गोड आहे. पण हे व्याज कशावर लावलंय? आपण सगळ्या मिळून हिशेब केला, तो तुम्हीही करून बघा.

बारा हप्ते म्हणजे 33,600. व्याज झालं 3,600, महिन्याला 300. त्याच हप्त्यात मुद्दलातले 2,500 दर महिन्याला परत जातात. एक हप्ता फिटला की आपल्याकडे त्यांचे 27,500 राहतात, आणि शेवटच्या महिन्यात तर फक्त 2,500. तरी व्याज मात्र शेवटपर्यंत पुऱ्या 30 हजारांवर!

तेच शेकडा एक उरलेल्या मुद्दलावर लावलं तर पहिल्या महिन्याला 300, मग 275, मग 250, असं उतरत शेवटी 25. बेरीज तोंडी होते. पहिला आणि शेवटचा आकडा, 300 आणि 25, मिळून 325. दुसरा आणि शेवटून दुसरा, 275 आणि 50, परत 325. अशा सहा जोड्या, म्हणजे 1,950. कुठं 1,950 आणि कुठं 3,600! ज्याला तो बारा टक्के म्हणतो, ते खरं पाहता साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतं.

"आम्हाला कुठं कळतंय त्यातलं," असं कुणी म्हटलं की आम्ही म्हसवडचं नाव काढतो. माण तालुक्यातल्या बायकांनी चेतना सिन्हांबरोबर बँकेच्या परवान्यासाठी अर्ज केला, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं तो नाकारला. कारण काय, तर अर्ज करणाऱ्या बायका निरक्षर. बायका गावी येऊन लिहा-वाचायला शिकू लागल्या आणि परत गेल्या. साहेबांना म्हणाल्या, मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या माणसांनीही कॅल्क्युलेटर न घेता सांगावं. 1997 साली माणदेशी महिला बँक उभी राहिली.

आता नियमाचं. छोट्या, बिनतारण कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम 1 एप्रिल 2022 पासून लागू आहेत. वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला ते लागू होतात. वर्षाचा खरा व्याजदर आणि सगळे आकार लिहिलेला कागद आधी मिळाला पाहिजे. कर्जाचं कार्ड आपल्याला कळेल अशा भाषेत पाहिजे. मुदतीआधी कर्ज फेडलं म्हणून दंड घेता येत नाही. हप्ता थकला तर दंड थकलेल्या रकमेवरच, सगळ्या कर्जावर नाही. वसुलीला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर यायचं नाही. आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. हे शेवटचं आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण एका हप्त्यासाठी दुसरं कर्ज काढलेल्या बाया साताऱ्यातही आहेत आणि सांगलीतही.

परत शेळ्यांकडे येऊ. आमच्या गटाचा दर शेकडा दोन. म्हणून तर ती बाहेर बघत होती, दुप्पट वाटला तिला. पण गट उरलेल्या मुद्दलावर व्याज लावतो. 30 हजारांना पहिल्या महिन्याला 600, शेवटच्याला 50. सहा जोड्या 650 च्या, म्हणजे 3,900. बाहेरच्यापेक्षा 300 च जास्त, आणि ते 3,900 गटाच्या पेटीत राहतात, वर्षाअखेरीला वाटणीत तिलाही मिळतात.

पेटीत त्या दिवशी 20 हजारच देण्यासारखे होते. तिनं तेवढेच उचलले आणि आटपाडीच्या बाजारातून दोनच शेळ्या आणल्या. तिसरीचं पुढच्या वर्षी बघू म्हणाली.