विद्यापीठातील अध्यापिका आणि आपले कर्तव्य

(ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय अधिकारी यांच्या सभेत प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



मुलीने शाळेत जावे म्हणून घरोघर फिरून पालकांची मनधरणी करावी लागे, असा एक काळ होता. आज खेड्यापाड्यांतील मुली पदव्युत्तर शिक्षण घेऊन महाविद्यालयांत व विद्यापीठांत अध्यापन करीत आहेत. ही अभिमानाची गोष्ट आहे. तथापि प्रवेश मिळाला म्हणजे पुढील वाट सुकर झाली, असे मात्र नव्हे.

डॉ. कमलाबाई सोहोनी यांचा जन्म १९११ साली इंदूर येथे एका मराठी कुटुंबात झाला. मुंबई विद्यापीठाच्या पदवी परीक्षेत अग्रस्थान मिळवून १९३३ साली त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. केवळ स्त्री म्हणून तो नाकारण्यात आला. त्यांनी आग्रह सोडला नाही. तेव्हा त्यांना अटींवर घेण्यात आले : पहिले वर्ष परीक्षणाचे राहील, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावे लागेल आणि पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये! त्याच कमलाबाईंनी १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. संपादन केली. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. संचालकपद मात्र त्यांच्या वाट्यास पुष्कळ विलंबाने आले.

तशा अटी आज कोणी लिहून देत नाही. २०२१-२२ च्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार उच्च शिक्षणातील सुमारे १६ लाख अध्यापकांत ४३ टक्के स्त्रिया आहेत. परंतु सहाय्यक प्राध्यापकपदाकडून प्राध्यापकपदाकडे जावे तसतसे हे प्रमाण घटत जाते.

असे का व्हावे? बढतीसाठी पीएच.डी. व प्रकाशित संशोधन लागते. ते करण्याचे वय आणि विवाह, बाळंतपण, मुलांचे संगोपन यांचे वय एकच. पतीची बदली झाली की नोकरी सोडायची तीही बहुधा पत्नीनेच. पुन्हा आरंभ करावा, तर तासिका तत्त्वावरील काम पदरी पडते. त्यात ना स्थैर्य, ना सुटीतील वेतन.

शासनाने काही तरतुदी केल्या आहेत. २०१७ च्या दुरुस्तीनुसार प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली. पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार संशोधक स्त्रीला पीएच.डी.साठी दोन वर्षांची वाढीव मुदत आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजा मिळू शकते.

परंतु नियमाने मिळालेली मुदत चुलीपाशीच खर्ची पडली, तर प्रबंध पुढे कसा सरकणार? म्हणून कुटुंबीयांना माझी विनंती आहे की, सुनेचे वाचन-लेखन हे फावल्या वेळचे काम समजू नका. घरकामाचा वाटा उचला. शिक्षकांनी या सवलतींची माहिती विद्यार्थिनींना पदवीच्या वर्गातच द्यावी. अधिकाऱ्यांनी रजेचे अर्ज महिनोन्महिने पडू देऊ नयेत आणि पाळणाघर कागदावर न राहता प्रत्यक्षात चालते की नाही, हे स्वतः जाऊन पाहावे.

कमलाबाईंना आपली योग्यता वारंवार सिद्ध करावी लागली. आपल्या लेकींवर ती वेळ येऊ न देणे, हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.

जय हिंद!