वाऱ्याच्या दारातली धावपट्टी

१८ एप्रिल २०१६ रोजी दक्षिण अटलांटिक महासागरातल्या सेंट हेलेना बेटावर, कोऱ्या करकरीत धावपट्टीच्या दिशेनं एक बोइंग ७३७ येत होतं. उड्डाण चाचणीचं होतं. महिन्याभरानं प्रिन्स एडवर्ड उद्घाटनाला यायचे होते. पण धावपट्टीच्या उत्तर टोकाशी वाऱ्यानं असा हिसका दिला, की वैमानिकानं विमान न टेकवता पुन्हा वर घेतलं. नंतर ते उतरलं खरं. उद्घाटन मात्र लांबलं. आणि २८ कोटी पौंडांहून अधिक खर्चाच्या या कामाला ब्रिटिश वर्तमानपत्रांनी ‘जगातला सर्वांत निरुपयोगी विमानतळ’ ठरवून टाकलं.

हे बेट आहे तरी कुठे? आफ्रिकेचा किनारा सुमारे १,९०० किलोमीटर दूर. जवळचा शेजारी म्हणजे असेन्शन बेट, तेही १,३०० किलोमीटरांवर. आकारानं बृहन्मुंबईच्या पाचव्या हिश्शाएवढं, वस्ती साडेचार हजारांच्या आसपास. इथून कोणी पळून जाणार नाही, या भरवशावर तर इंग्रजांनी १८१५ मध्ये नेपोलियनला इथे आणून ठेवलं.

त्याच्याही तीनशे वर्षं आधी या बेटावर एक माणूस आपखुशीनं राहिला होता, आणि त्याची कथा सुरू होते आपल्या गोव्यात. फर्नांव लोपिश हा पोर्तुगीज शिपाई आदिलशाही फौजेला जाऊन मिळाला. १५१२ मध्ये बाणस्तारीला तो पकडला गेला. पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कनं त्याचं नाक, कान, उजवा हात आणि डावा अंगठा कापायला लावला. पुढे मायदेशी परतताना तो वाटेत सेंट हेलेनाला उतरला आणि तिथेच राहिला. जवळजवळ तीस वर्षं. या बेटाचा पहिला ज्ञात रहिवासी तोच.

बेटाला नैसर्गिक बंदर नाही. विमानतळ होण्याआधी केप टाउनहून पाच दिवसांचा बोटीचा प्रवास, मग खोल पाण्यात नांगर, आणि लहान होडीतून किनारा. १९९० पासून ‘आरएमएस सेंट हेलेना’ ही एकच बोट टपाल, औषधं, भाजीपाला आणि माणसं आणत असे. गंभीर आजाऱ्यालाही बोटीचीच वाट पाहावी लागे. म्हणून २००५ मध्ये ब्रिटिश सरकारनं विमानतळाची घोषणा केली, २००८ मध्ये आर्थिक मंदीत ती थंड्या बस्त्यात टाकली आणि २०१० मध्ये पुन्हा बाहेर काढली.

सपाट जागा म्हणावी अशी पूर्वेला एकच होती, प्रॉस्परस बे प्लेन. बेसिल रीड या दक्षिण आफ्रिकी कंपनीनं २०१२ मध्ये रूपर्ट्स बे इथे अवजड यंत्रं उतरवली. ती माळावर न्यायला आधी चौदा किलोमीटरांचा रस्ता डोंगरातून काढावा लागला. तरीही धावपट्टीला लांबी कमीच पडत होती, कारण वाटेत ड्राय गट नावाची दरी होती. मग दरीच भरायची ठरलं. सुरुंग लावून फोडलेला सुमारे ऐंशी लाख घनमीटर दगड-मुरूम थरावर थर दाबत गेले. भरावाची उंची शंभर मीटरांच्या घरात!

रूपर्ट्स खोऱ्यात या रस्त्यासाठी माती उकरली तेव्हा माणसांच्या अस्थी निघाल्या. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमारानं गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या आणि या बेटावर मरण पावलेल्या आफ्रिकी माणसांच्या. पुरातत्त्वज्ञांनी सव्वातीनशे जणांचे अवशेष बाहेर काढले. त्यांना पुन्हा माती मिळायला २०२२ साल उजाडलं. धावपट्टीपेक्षा या माणसांना अधिक थांबावं लागलं, हे बेटाच्या कारभाऱ्यांना भूषणावह नाही.

दगड हटला, दरी बुजली. वारा तेवढा राहिला. आग्नेयेकडून बारमाही येणारे व्यापारी वारे बेटाच्या तीनशे मीटर उंच कड्यांवर आदळतात आणि वर उसळतात. तिथे दोन पावलांत वाऱ्याची दिशा आणि जोर पालटतो. वैमानिक यालाच ‘विंड शिअर’ म्हणतात. गंमत अशी, की चार्ल्स डार्विन १८३६ मध्ये इथे आला, तेव्हा अशाच एका कड्याच्या टोकाशी उभा राहिला होता. तो उभा होता तिथे हवा शांत. समोर काही हातांवर समुद्रपक्षी जोरदार वाऱ्याशी झुंजत होते. त्यानं हात पुढे केला, तर वाऱ्याचा पूर्ण जोर हाताला लागला. हे सगळं त्यानं आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलं आहे. २०१६ च्या डिसेंबरात ब्रिटिश संसदेच्या लोकलेखा समितीनं अधिकाऱ्यांना धारेवर धरलं, ते याच वाऱ्याचा अंदाज न घेतल्याबद्दल.

पण ‘निरुपयोगी’ हा शिक्का घाईचा होता. चूक धावपट्टीत कमी आणि विमानाच्या निवडीत जास्त होती. एअरलिंक कंपनीनं बोइंगऐवजी लहान एम्ब्रेअर १९० निवडलं, प्रवासी आणि वजन कमी ठेवलं, आणि १४ ऑक्टोबर २०१७ रोजी जोहान्सबर्गहून पहिलं नियमित विमान उतरलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये जुन्या बोटीनं शेवटची फेरी केली. आता आजाऱ्याला तातडीनं हवाई रुग्णवाहिकेतून हलवता येतं. हवा बिघडली की उड्डाण पुढे ढकललं जातं, आणि बेटावरच्यांना त्याचं फारसं नवल वाटत नाही. जड माल अजून समुद्रातूनच येतो. फक्त तो उतरवायला आता विमानतळाच्याच कामात रूपर्ट्स बे इथे बांधलेला पक्का धक्का आहे.