आप्पांचं एक मिनिट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



गेल्या दिवाळीआधी सांगलीच्या घरी माळा साफ करताना बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. आत साडेतीन इंची फ्लॉपी होत्या, अकरा. एकीवर थोरल्या भावाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'प्रिन्स'.

माझ्या वयाच्या श्रोत्यांना एवढं पुरे. इतरांसाठी सांगतो. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने केलेला खेळ. ॲपल टू या संगणकावर तो १९८९ मध्ये आला आणि पुढच्या वर्षी डॉसवर. तळघरात कोंडलेला एक तरुण, वर बुरुजात राजकन्या आणि हाताशी फक्त साठ मिनिटं. मेकनरने आपल्या धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून एकेक चित्र काढलं. म्हणून तो राजपुत्र बाहुल्यासारखा नाही, माणसासारखा पळतो. कठड्याला लोंबकळला की आपलेच हात दुखतात.

आमच्या घरी १९९५ मध्ये एक जुना ३८६ संगणक आला. वडील, म्हणजे आप्पा, साखर कारखान्यात हिशेबनीस. बाहेरच्या दोन-चार दुकानांचे हिशेब करता यावेत म्हणून त्यांनी तो घेतला. आईने त्याला फुलाफुलांचं कव्हर शिवलं. खेळ अर्थातच मित्राकडून उतरवून आणलेला. त्या काळी हक्क वगैरे कुणी विचारत नव्हतं, हे कबूल करायला हवं.

त्या खोक्याला समोर एक छोटं गोल कुलूप होतं. किल्ली फिरवली की कीबोर्ड बंद. मी दहावीत गेलो तशी आप्पांनी ती किल्ली फिरवली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. दादाचा खेळ तेव्हा पूर्ण झाला होता, माझा नव्हता. मी भांडलो नाही, पण मनात धरून ठेवलं. हसू नका, पंधरा वर्षांच्या मुलाचा तो मोठा अपमान असतो. पुढे मी वसतिगृहात गेलो. २००१ मध्ये ते मशीन भंगारात गेलं. त्याआधी दादाने फोल्डर जसेच्या तसे फ्लॉपींवर उतरवून घेतले. २००८ मध्ये आप्पा गेले.

आता फ्लॉपी हातात, पण घालायची कुठे? यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह मागवला. अकरापैकी चार वाचल्या गेल्या, बाकीच्यांवर बुरशी. 'प्रिन्स' वाचली गेली. फाइल लॅपटॉपवर घेतल्या, दोनदा टिचकी मारली, तर संगणक म्हणाला, हा प्रोग्रॅम इथे चालणार नाही. खरंच आहे ते. डॉसचे खेळ सोळा बिटांच्या जमान्यातले, आणि आजच्या चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्ये त्यांची सोयच ठेवलेली नाही.

इथे कामाला आला डॉसबॉक्स. नेदरलँड्समधल्या दोन प्रोग्रॅमरांनी सुरू केलेला हा प्रोग्रॅम २००२ पासून फुकट मिळतो. अशा प्रोग्रॅमला इम्युलेटर म्हणतात. गावच्या वाड्यातल्या आजोबांना शहरातल्या फ्लॅटमध्ये आणलं की आपण एक खोली त्यांच्या सवयीने मांडून देतो. तोच पलंग, तिथेच तांब्या-भांडं. इम्युलेटर तेच करतो. नव्या संगणकाच्या पोटात जुन्या संगणकाची खोली मांडतो. तोच प्रोसेसर, तेच साउंड कार्ड, सगळं नकली. खेळाला मात्र वाटतं, आपण घरीच आहोत.

मांडणी अवघड नाही. डॉसबॉक्स उघडला की काळा पडदा येतो. माउंट ही आज्ञा देऊन त्याला सांगायचं, की हा फोल्डर म्हणजे तुझी सी ड्राइव्ह. मग सी आणि विसर्गचिन्ह टाइप करायचं, फोल्डरमध्ये शिरायचं, खेळाचं नाव लिहून एंटर. वेग तेवढा जुळवावा लागतो. जुने कित्येक खेळ प्रोसेसरच्या चालीवरच चालायचे, आजच्या वेगाने ते हातात राहणार नाहीत. कंट्रोलबरोबर एफ-११ दाबलं की वेग कमी, एफ-१२ दाबलं की जास्त. माझा आवाज अडखळत होता, तो एफ-१२ ने सरळ झाला.

सुरुवातीची चित्रं आणि गोष्ट सरकली, आणि मग आली यादी. खेळ पुरा करणाऱ्यांची नावं आणि उरलेला वेळ हा खेळ एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवतो. वर दादाचं नाव, चार मिनिटं आणि काही सेकंद. त्याखाली दुसरं नाव. आप्पा. उरलेला वेळ, एक मिनिट आणि काही सेकंद.

मी फाइलची तारीख पाहिली. फेब्रुवारी १९९७. म्हणजे मी आतल्या खोलीत भूमितीची प्रमेयं घोकत होतो तेव्हा. किल्ली त्यांच्याच खिशात होती ना!

दादाला पुण्याला फोन केला. त्याला पत्ताच नव्हता. आईला विचारलं. ती म्हणाली, "रात्री बारा-बारापर्यंत खाटखूट चालायची. मी म्हणायची, संपत नाहीत का हो हिशेब? तर म्हणायचे, एक मिनिट थांब."

मी खूप हसलो. मग मात्र जरा वेळ गप्प बसलो. त्यांना उडी कशी मारायची हे कुणी शिकवलं असेल? आमच्या पाठीमागे उभं राहून, रागावता रागावता, त्यांनी ती पाहून ठेवली असणार. एकदा तरी "सर बाजूला" म्हणाले असते, तर मी सरकलो असतो.

गंमत पाहा. मेकनरच्या या खेळाची मूळ संहिता बरीच वर्षं हरवली होती. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना कपाटात फ्लॉपींचं खोकं सापडलं, त्यात ती निघाली. जाणकारांनी ती उतरवली आणि सगळ्यांसाठी खुली झाली. तो खेळ जगाने जपला आहे. पण आप्पांचं नाव असलेली ती फाइल जगात कुठेच नव्हती. ती आमच्या माळ्यावर होती, आणि बाजूच्या सात फ्लॉपी बुरशीने खाल्ल्या होत्या.

म्हणून सांगतो, तुमच्या माळ्यावरचा डबा या आठवड्यात खाली काढा. खेळ असो, पत्रं असोत, दुकानाचे हिशेब असोत. आधी प्रत करून ठेवा, मग उघडा. चालवायची सोय नंतर होते, फ्लॉपी मात्र थांबत नाही.

मी आता रोज रात्री जेवणानंतर बसतो. यादीत माझं नाव अजून नाही. काल राजपुत्र बुरुजाजवळ पोचला आणि वेळ संपली. बायकोने आतून हाक मारली, आणि मी काय म्हणालो असेन, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.