कारण विचारण्याचा हक्क



कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतीची चर्चा बहुधा ‘यंत्र माणसाहून शहाणे झाले तर’ या कल्पनेपाशी जाऊन थांबते. नेदरलँड्समध्ये जे घडले त्यातील यंत्र मुळीच एवढे शहाणे नव्हते. अनर्थाला तेवढे पुरले.

मुलांना पाळणाघरात ठेवून कामावर जाणाऱ्या आईबापांना तेथील सरकार अनुदान देते. त्याचे वाटप करखात्याकडे होते. संशयास्पद अर्ज हुडकण्यासाठी खात्याने २०१३ साली एक संगणकप्रणाली योजिली. पूर्वीचे बरोबर आणि चुकीचे अर्ज पाहून ती शिकत असे आणि प्रत्येक अर्जाला जोखमीचा गुणांक देत असे. अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हाही त्या हिशेबातला एक घटक होता. सर्वांत मोठ्या गुणांकाचे अर्ज तपासणीसाठी अधिकाऱ्यापुढे येत. परंतु गुणांक मोठा का आला, हे त्याला सांगितले जात नसे. निर्णय माणसाचाच, असे कागदोपत्री म्हणता येत होते. पण संशयित म्हणूनच पुढ्यात आलेल्या कागदाकडे निर्मळ मनाने पाहणे कितीजणांना साधते?

पुढचे काम कायद्याच्या कठोर अन्वयार्थाने केले. एखादी सही राहिली, स्वतःच्या हिश्श्याची थोडी रक्कम भरल्याचा पुरावा नसला, तरी वर्षाचे सगळे अनुदान परत मागितले जाई. हजारो कुटुंबे कर्जात बुडाली; काहींची घरे गेली, काहींचे संसार मोडले. देशातील सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठानेही २०१९च्या ऑक्टोबरपर्यंत खात्याचाच अन्वयार्थ उचलून धरला. तेव्हा सगळा दोष यंत्राच्या माथी मारणे ही सोयीची पळवाट ठरेल.

आपल्यावर हे का ओढवले, हे जाणण्यासाठी पालकांनी आपापली कागदपत्रे मागितली. २०१९च्या अखेरीस काहींच्या हाती जी पाने आली, त्यांवरील ओळीच्या ओळी काळ्या केलेल्या होत्या. जुनी दप्तरे चाळणाऱ्यांना वाळवीने खाल्लेल्या पानाची हळहळ ठाऊक असते. येथे वाळवी नव्हती. मजकूर शाबूत होता. तो ज्याच्याविषयी होता, त्यालाच तो वाचता येऊ नये अशी तजवीज केली होती.

डिसेंबर २०२०मध्ये संसदीय समितीने आपल्या अहवालाला ‘अभूतपूर्व अन्याय’ अशा अर्थाचे नाव दिले आणि १५ जानेवारी २०२१ रोजी मार्क रुट्टे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. मार्चमधील निवडणुकीत त्यांचाच पक्ष पुन्हा पहिला आला, हेही नोंदविले पाहिजे.

फेब्रुवारी २०२०मध्ये हेगच्या न्यायालयाने ‘सिरी’ नावाची दुसरी एक सरकारी प्रणाली बेकायदा ठरविली होती. तिचे कामकाज पडताळता येण्याइतके उघड नाही, हा न्यायालयाचा मुख्य आक्षेप. २०२४च्या युरोपीय कायद्याने काही निर्णयांबाबत स्पष्टीकरण मागण्याचा हक्क नागरिकाला दिला. ते देण्याची पाळी ज्या अधिकाऱ्यावर येईल, त्याच्यासमोर त्या दिवशी नुसता गुणांक असेल की त्यामागचे कारणही असेल, हे प्रणाली विकत घेतानाच ठरून गेलेले असते.